विकण्याआधी झिजवून पाहा : स्केटबोर्डच्या बुटांचा धडा

काचेच्या कपाटात ठेवलेला प्रत्येक बूट चांगलाच दिसतो. त्याची परीक्षा गिऱ्हाइकाच्या पायात होते, आणि तोपर्यंत माल विकलेला असतो, पैसेही घेतलेले असतात. बूट पंधरा दिवसांत उसवला तर गिऱ्हाईक भांडायला येते, किंवा येतच नाही. न येणारे गिऱ्हाईक अधिक महाग पडते, कारण ते गप्प राहून दुसऱ्या दुकानात जाते.

पादत्राणांच्या काही मोठ्या कंपन्यांनी ही परीक्षा विक्रीच्या आधी घेण्याची पद्धत पाडली आहे. नवा बूट बाजारात येण्यापूर्वी त्या खेळाडूंना आपल्या मुख्यालयात बोलावतात, पायात नमुन्याचा जोड देतात आणि तो फाटेपर्यंत खेळायला सांगतात. स्केटबोर्डच्या बुटांत ही पद्धत विशेष उपयोगी पडली, कारण या खेळाइतका बुटाचा छळ क्वचितच कुठे होतो. आपले कारागीर आणि छोटे व्यापारी यांना यातून काय घेता येईल, ते या लेखात पाहू या.

हा खेळ आणि हे गिऱ्हाईक

चाके लावलेले स्केट्स आपण लहानपणापासून पाहिले आहेत. स्केटबोर्ड वेगळा. ती चार छोट्या चाकांची लाकडी फळी असते, बहुधा मेपल लाकडाचे सात पातळ थर चिकटवून केलेली. पाय तिला बांधलेले नसतात. खेळाडू तिच्यावर उभा राहतो, उड्या मारतो, फळी हवेत फिरवतो आणि पुन्हा तिच्यावरच उतरतो.

२०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला. २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही त्याला स्थान मिळाले, आणि पुण्याच्या श्रद्धा गायकवाड या मुलीने महाराष्ट्रासाठी सुवर्णपदक मिळवले. नवी मुंबईत नेरूळला आणि मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडला स्केटपार्क आहेत. तेथे संध्याकाळी गेल्यास आपले संभाव्य गिऱ्हाईक फळी बगलेत मारून उभे असलेले दिसेल.

या मुलांच्या पायाकडे पाहावे. कोणाच्या पायात नामांकित परदेशी बूट असतो, ज्याची किंमत चार-पाच हजारांच्या घरात जाते. कोणी साधा कॅनव्हासचा बूट घालतो आणि तो फाटला की चिकटपट्टी लावून दिवस काढतो. या दोन टोकांच्या मध्ये, हजार-दोन हजार रुपयांत टिकाऊ बूट देणाऱ्या कारागिराला जागा आहे. २०२० च्या अर्थसंकल्पात आयात पादत्राणांवरील सीमाशुल्क २५ वरून ३५ टक्के करण्यात आले होते. देशात माल तयार व्हावा हाच त्यामागचा हेतू होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून जोडीमागे २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आणि त्यावरील किमतीला १८ टक्के झाला. भाव ठरवताना ही रेषा ध्यानात ठेवावी.

बूट नेमका कुठे जातो?

फळीच्या वरच्या बाजूला सुताराच्या पॉलिश पेपरसारखा खरखरीत कागद चिकटवलेला असतो. पाय घसरू नये हा त्याचा उपयोग. पण या खेळातील मूळ उडी, जिला 'ऑली' म्हणतात, तिच्यात पाय मुद्दाम घासावाच लागतो. मागचा पाय फळीची शेपटी जमिनीवर आपटतो, फळीचे पुढचे टोक वर उठते आणि त्याच क्षणी पुढच्या पायाच्या बुटाची बाहेरची बाजू त्या खरखरीत कागदावरून वर ओढली जाते. एका संध्याकाळी अशी उडी शंभर वेळाही मारली जाते. म्हणजे अप्परची एकच जागा शंभर वेळा घासकागदावर घासली जाते.

यातून बुटाचे दुखणे ठराविक जागी निघते. करंगळीच्या बाजूला अप्परला भोक पडते. त्याच बाजूची शिवण उसवते. खालच्या दोन-तीन भोकांतील नाडी तुटते. अप्पर आणि सोल यांच्या सांध्यात चिकटवण उघडते. मागच्या पायाने वेग थांबवणाऱ्याचा सोल टाचेकडून झिजतो. उंचावरून उतरणाऱ्याची टाच आतून ठेचते, कारण आतील गादी दबून सपाट झालेली असते.

यावरचे उपाय कारागिराला समजायला कठीण नाहीत. घासणाऱ्या जागी कॅनव्हासऐवजी स्वेड, म्हणजे लव काढलेले चामडे, वापरतात. ते कॅनव्हासपेक्षा बरेच जास्त टिकते. त्याखाली रबराचा पातळ तुकडा घालतात, म्हणजे वरचे चामडे गेले तरी बोट बाहेर येत नाही. त्या जागेवरून शिवण शक्यतो नेतच नाहीत, आणि न्यावीच लागली तर दुहेरी किंवा तिहेरी घालतात.

सोलचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात अप्परभोवती कच्च्या रबराची पट्टी लावून सगळा बूट वाफेच्या दाबाच्या भट्टीत शिजवतात. हा सोल पातळ आणि लवचिक असतो, पायाला फळी नीट जाणवते. दुसऱ्यात साच्यातून काढलेला वाटीसारखा तयार सोल घेऊन अप्पर त्यात चिकटवतात व कडेने शिवतात. हा जाड असतो, टाचेला जपतो आणि जास्त दिवस जातो. पहिल्या प्रकाराला भट्टी लागते, म्हणून तो छोट्या कारखान्याच्या आवाक्याबाहेर आहे. दुसरा प्रकार तयार सोल, चांगले सोल्यूशन आणि साइड स्टिचचे मशीन एवढ्यावर जमतो.

मुख्यालयात काय केले जाते?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लेक फॉरेस्ट नावाचे शहर आहे. तेथे 'सोल टेक्नॉलॉजी' ही कंपनी वाढली. 'एटनीज' हा तिचा प्रसिद्ध छाप. तिचा मालक प्येर आंद्रे सेनिझेर्ग हा फ्रान्समधून आलेला व्यावसायिक स्केटबोर्ड खेळाडू. त्याने कंपनीत शरीराच्या हालचालींचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उभी केली. उडी मारून खाली आल्यावर पायावर किती दाब येतो, तो टाचेवर येतो की पंजावर, हे तेथे मोजले जाई. २००३ मध्ये त्याच शहरात कंपनीच्या छापाचे नाव असलेला सार्वजनिक स्केटपार्क सुरू झाला. बूट बनवणारे आणि बूट फाडणारे असे शेजारी आले.

अशा चाचणीचा सर्वसाधारण क्रम पाहा. नमुन्याचे जोड एकाच मापात करतात, पुरुषांसाठी बहुधा अमेरिकी ९ नंबर, म्हणजे आपल्याकडचा ८ नंबर. सगळ्या मापांचे फर्मे घालण्याआधी एका मापात चूक शोधणे स्वस्त पडते. म्हणून बोलावलेल्या खेळाडूंचे पायही त्याच मापाचे निवडतात. प्रत्येकाकडून अभिप्राय घेतात : कुठे टोचते, कुठे सैल होते, किती तासांनी पहिला धागा सुटला. फाटलेले जोड परत घेतात, त्यांवर तारीख व तास लिहितात आणि टेबलावर ओळीने मांडून पाहतात. दहापैकी सात जोड एकाच जागी फाटले असतील तर दोष खेळाडूचा नसून बुटाचा आहे, हे उघड होते.

येथे एक बारकावा आहे. या खेळात दोन्ही पायांचे काम वेगळे असते. कोणी डावा पाय पुढे ठेवतो, कोणी उजवा. पुढचा बूट कडेला झिजतो, मागचा तळाला. समजा, आपण डाव्या बुटाला एक शिवण घातली आणि उजव्याला दुसरी, व सगळे खेळाडू डावा पाय पुढे ठेवणारे निवडले, तर चांगली शिवणही वाईट ठरेल. म्हणून दोन्ही तऱ्हेचे खेळाडू घ्यावे लागतात. चाचणी कशी घ्यायची याचाही विचार करावा लागतो, तो असा.

कंपन्यांकडे यंत्रेही असतात. फिरणाऱ्या रोळावर घासकागद लावून त्यावर रबराचा तुकडा ४० मीटर घासायचा आणि किती झिजला ते मोजायचे, अशी एक जगन्मान्य चाचणी आहे. बूट हजारो वेळा वाकवणारे यंत्र आहे, चिकटवलेला सोल ओढून पाहणारे यंत्र आहे. यंत्र 'किती' ते सांगते. 'कुठे' आणि 'का' ते घालणारा माणूस सांगतो. म्हणून एवढी यंत्रे असूनही कंपन्या खेळाडूंना बोलावतात.

व्हॅन्सची वाटचाल

या धंद्यातील सर्वांत माहितीचे नाव म्हणजे व्हॅन्स. पॉल व्हॅन डोरेन हा रबरी बुटांच्या कारखान्यात खालच्या कामापासून वर चढलेला माणूस. १६ मार्च १९६६ रोजी त्याने भाऊ आणि दोन भागीदारांसह कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे दुकान उघडले. मागे कारखाना, पुढे दुकान. आपल्याकडील कितीतरी कारागिरांसारखेच. पहिल्या दिवशी १२ गिऱ्हाइके आली, सकाळी मागणी नोंदवून दुपारी त्यांना तयार जोड दिले, असे सांगतात. गल्ल्यात सुटे पैसे नव्हते, म्हणून पैसे नंतर आणून द्या असे सांगितले, आणि सर्वांनी ते आणून दिले, असेही सांगतात.

सुरुवातीच्या सोलवर शंकरपाळ्यासारखी नक्षी होती. पंजाखाली पाय वाकतो तेथे तो सोल तडकू लागला. त्यांनी तेवढ्या भागात उभ्या रेघा वाढवल्या. आज 'वॉफल' म्हणून ओळखला जाणारा सोल अशा तक्रारीतून तयार झाला. पुढे स्केटबोर्डवाली मुले येऊ लागली. त्यांचा एकच बूट लवकर झिजे, म्हणून दुकानाने एका पायाचा बूटही विकला. १९७६ मध्ये टोनी अल्वा आणि स्टेसी पेराल्टा या दोन तरुण खेळाडूंच्या सांगण्यावरून घोट्याजवळ गादी असलेला ९५ क्रमांकाचा बूट काढला. १९७७ मध्ये ३६ क्रमांकाच्या बुटाला घासणाऱ्या जागी चामड्याचे तुकडे लावले. हा बूट आजही विकला जातो.

नंतर कंपनीने धावण्याचे, कुस्तीचे, बेसबॉलचे, अनेक खेळांचे बूट एकदम काढले. प्रत्येक खेळाचे गिऱ्हाईक निराळे, त्यांच्या पायाची माहिती नाही, खर्च मात्र वाढला. १९८४ मध्ये कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. पॉल व्हॅन डोरेन परत आला, खर्च कापला आणि घेणेकऱ्यांचे देणे फेडून कंपनी वर काढली. २००४ मध्ये ती व्हीएफ या मोठ्या कंपनीने विकत घेतली. अलीकडच्या काही वर्षांत तिची विक्री पुन्हा घसरली आहे. मोठे नाव असले तरी गिऱ्हाइकाच्या पायाकडे रोज पाहावे लागते.

ओल्या धान्याचा ढीग

आपल्यासाठी ही शिकवण नवी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला. वरून कोरड्या दिसणाऱ्या ढिगाच्या आत बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, अशी कडक समज दिली. ही हदीस आपण मशिदीत अनेकदा ऐकतो. आपल्या दुकानात ती किती वेळा आठवतो?

बुटाचा सोल हाही एक ढीगच आहे. वरून चकाकी, आत पुठ्ठा. चामडे म्हणून विकलेले रेक्झिन. दोन थरांऐवजी एका थराचे सोल्यूशन. शरीअतने गिऱ्हाइकाला दोष निघाल्यास माल परत करण्याचा हक्क दिला आहे आणि विकणाऱ्यावर दोष सांगण्याची जबाबदारी टाकली आहे. पण दोष सांगायचा तर आधी तो आपल्याला माहीत हवा. 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणणाऱ्याने ठाऊक करून घेण्याचा प्रयत्न केला होता का, हा प्रश्न उरतोच. विकण्याआधी माल झिजवून पाहणे हा तो प्रयत्न आहे, आणि हलाल रोजीचाही तो भाग आहे.

आपल्या कारखान्यात हे कसे जमेल?

धारावीत किंवा कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत काम करणाऱ्या कारागिराकडे प्रयोगशाळा नसते. तरी पुढील गोष्टी करता येतात.

१. एकच नमुना घ्या, एकच माप घ्या. ८ नंबरचे दहा जोड करा.

२. नेरूळ किंवा कार्टर रोडच्या पार्कवर नियमित खेळणारे दहा जण निवडा. पाच डावा पाय पुढे ठेवणारे, पाच उजवा. अठरा वर्षांखालील असल्यास आई-वडिलांची परवानगी घ्या.

३. हा नमुना आहे, तो फाटू शकतो, हे स्पष्ट सांगा. त्यांचा वेळ फुकट घेऊ नका. बूट त्यांना द्या आणि ठरलेला मोबदला वेळेवर द्या. मजुराची मजुरी न रखडवण्याची ताकीद येथेही लागू आहे.

४. एक वही ठेवा. नाव, पाय, तारीख, खेळलेले तास, पहिला दोष, त्याची जागा. दर आठवड्याला स्वतः जाऊन पाहा आणि फोटो काढा.

५. चार आठवड्यांनी सर्व जोड मागवून रापीने उघडा. अस्तर, गादी, चिकटवण, शिवण वेगवेगळे पाहा.

६. सर्वांत जास्त वेळा आलेला एकच दोष दुरुस्त करा. दहा गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. मग पुन्हा पाच जोड करून पाहा.

७. कामगारांना फाटलेले जोड दाखवा. शिवणाऱ्याने आपली शिवण उसवलेली पाहिली की सांगावे लागत नाही.

खर्चाचा हिशेब करू. समजा, एका जोडाला ६०० रुपये पडतात. दहा जोडांचे ६,००० आणि मोबदल्याचे तेवढेच धरा. १२,००० रुपये झाले. चाचणी न करता ३०० जोड काढले आणि त्यांतील ६० परत आले, तर ३६,००० रुपयांचा माल अंगावर पडतो. गेलेले नाव वेगळे.

वांद्रे (पूर्व) येथील खेरवाडीच्या शासकीय तंत्रनिकेतनात चर्म व पादत्राण तंत्राचे आणि रबर तंत्राचे शिक्षण दिले जाते. आपल्या मुलांपैकी एकाने तरी ते घेतले तर घरातील हुनर आणि पुस्तकातील ज्ञान एकत्र येईल. खेळांच्या बुटांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आय.एस. १५८४४ हे मानक आहे. आपल्या आकाराच्या कारखान्याला कोणते नियम लागू आहेत, ते माल काढण्याआधी ब्युरोच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

नक्कल की स्वतःचे नाव?

एक कटू गोष्ट बोलायला हवी. आपल्यातील हुशार हात आज परदेशी छापाची हुबेहूब नक्कल करण्यात गुंतलेले आहेत. ट्रेड मार्क कायदा, १९९९ नुसार खोटा छाप मारण्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धाड पडली की माल जातो, कारागिराची मजुरी बुडते, आणि माल मागवणारा मात्र बहुधा पडद्याआड राहतो. कायदा बाजूला ठेवला तरी दुसऱ्याचे नाव लावून विकणे ही फसवणूकच. जो हात इतकी अचूक नक्कल करू शकतो, तो स्वतःचा बूटही करू शकतो. कमी आहे ती स्वतःच्या मालावरील भरवशाची, आणि तो भरवसा चाचणीतून येतो.

मेट्रो शूजचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. मलिक तेजानी यांनी १९५५ मध्ये कुलाब्यात एक दुकान काढले. डिसेंबर २०२१ मध्ये ही कंपनी मेट्रो ब्रँड्स या नावाने शेअर बाजारात आली. तिचे मुख्यालय कुर्ल्यात आहे, म्हणजे वाशीच्या पुलापलीकडे थोड्याच अंतरावर. ही कंपनी स्वतःचा कारखाना न चालवता बाहेरच्या उत्पादकांकडून माल करून घेते, आणि अशा कंपन्या इतरही आहेत. म्हणजे मुख्यालयाचे दार आपल्यासाठी बंद नाही. तेथे नमुना घेऊन जाणारे पुष्कळ असतात. नमुन्याबरोबर चार आठवड्यांची वही, फाटलेला जोड आणि दुरुस्त केलेला जोड टेबलावर ठेवणारा कारागीर मात्र खरेदी अधिकाऱ्याच्या लक्षात राहील.

स्वतःला विचारायचे प्रश्न

माझा माल सर्वांत आधी कुठे फाटतो, हे मला ठाऊक आहे का? गेल्या वर्षी परत आलेल्या मालाची नोंद माझ्याकडे आहे का? माझ्या घरातील कोणी तो बूट महिनाभर घालून पाहिला आहे का? गिऱ्हाइकाला सांगायला मला संकोच वाटेल असे काही त्याच्या आत आहे का?

या चार प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे आहेत, त्याने दहा जोडांचे काम आजच सुरू करावे. ज्याच्याकडे नाहीत, त्याने निदान वही तरी आज घ्यावी. अल्लाह आपल्या हातांच्या कमाईत बरकत देवो आणि आपला माल जसा वरून तसाच आतून ठेवण्याची सुबुद्धी देवो. आमीन.